सेनापतीच्या पिस्तुलाची मूठ आणि तिच्याखालची पाटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जगातील नामवंत सेनापतींच्या शस्त्रांविषयीचा लेख वाचला. असे विषय मराठी वृत्तपत्रात येतात याचा आनंदच आहे. मात्र अमेरिकेचे जनरल जॉर्ज पॅटन यांच्या कमरेला ‘मोत्याच्या मुठीची दोन पिस्तुले’ असत, असे जे वाक्य त्यात आहे, त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दुरुस्त करण्याजोगा आहे. ती मूठ मोत्याची किंवा शिंपल्याची नव्हती, हस्तिदंती होती. ती शस्त्रे पिस्तुले नव्हती, सहा घरांची फिरती चकरी असलेली रिव्हॉल्व्हर होती. आणि दोन्ही एकाच वेळी त्यांच्या कमरेला क्वचितच दिसत. मी भारतीय सैन्याच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्स) शाखेतून आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून निवृत्त झालो आहे. हयात शस्त्रांच्या दुरुस्तीत गेल्यामुळे अशी चूक डोळ्याआड करवत नाही. परंतु तेवढ्यापुरते लिहायचे तर दोन ओळी पुरल्या असत्या. सेनापतीच्या शस्त्राच्या मुठीकडे आपण नीट पाहत नाही, आणि त्याचा परिणाम आपल्या मराठवाड्यातल्या प्रदर्शनांत जुन्या शस्त्रांखाली लागणाऱ्या पाट्यांवर होतो, हे सविस्तर मांडावे असे वाटल्यामुळे हे पत्र लांबले आहे.

सैन्यातले शस्त्र सरकारी असते. त्याची नळी, चकरी, चाप, घोडा हे सारे कारखान्यात ठरलेल्या मापाचे असते आणि त्यात फेरफार करण्याची मुभा जशी शिपायाला नसते तशी अधिकाऱ्यालाही नसते. कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, ठेवलेली .३८ बोअरची एनफिल्ड रिव्हॉल्व्हर किंवा ईशापूरच्या कारखान्यातली ९ मिलिमीटरची पिस्तुले रांगेने मांडली, तर त्यांतले कर्नलसाहेबांकडे कोणते होते आणि सुभेदारसाहेबांकडे कोणते, हे केवळ रजिस्टरातल्या क्रमांकावरूनच कळते. मुठीची गोष्ट मात्र वेगळी आहे. रिव्हॉल्व्हरच्या मुठीत मध्ये पोलादी चौकट असते आणि तिच्या दोन अंगांना लाकडाच्या, कडक रबराच्या किंवा हस्तिदंताच्या दोन फळ्या एका आडव्या स्क्रूने आवळलेल्या असतात. स्क्रू सोडवून फळ्या बदलल्या तरी शस्त्राच्या कामात काडीचा फरक पडत नाही. त्यामुळे ज्या अधिकाऱ्याला शस्त्र आपले म्हणून मिरवायचे असते, त्याचे लक्ष आधी मुठीकडेच जाते. याच कारणाने मूठ त्या माणसाविषयी पुष्कळ सांगते, आणि याच कारणाने ती खोटेही सहज बोलू शकते.

पॅटन यांचे गाजलेले शस्त्र म्हणजे .४५ बोअरचे कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर. १९१६ साली टेक्सासमधल्या एल पासो येथे त्यांनी ते विकत घेतले. पावणेपाच इंची नळी, अंगभर वेलबुट्टीचे कोरीवकाम, वर पांढरा चकाकता मुलामा, हस्तिदंती मुठीवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे आणि चौकटीवर ३३२०८८ हा क्रमांक, असे ते होते. तेव्हा पॅटन हे तीस वर्षांचे लेफ्टनंट होते आणि मेक्सिकोतला बंडखोर नेता पांचो व्हिला याच्या मागावर गेलेल्या जनरल पर्शिंग यांच्या फौजेत काम करत होते. १४ मे १९१६ रोजी फौजेसाठी मका खरेदी करायला मोटारी घेऊन निघालेल्या पॅटन यांनी वाटेतल्या एका वाडीला संशयावरून वेढा घातला, आणि झालेल्या गोळीबारात व्हिलाचा सरदार हुलियो कार्देनास आपल्या दोन साथीदारांसह मारला गेला. अमेरिकी सैन्याने मोटारींतून जाऊन केलेला पहिला हल्ला म्हणून ही चकमक ओळखली जाते. तिच्यानंतर पॅटन यांनी मुठीवर दोन खाचा कोरल्या, असे सांगतात. ऐन गोळीबारात रिव्हॉल्व्हर रिकामे होऊन ते पुन्हा भरावे लागले आणि त्या अनुभवातून दुसरे शस्त्र जवळ बाळगण्याचा विचार त्यांच्या मनात आला, असेही सांगितले जाते, आणि मला ते पटते. या जातीचे कोल्ट भरणे किती वेळखाऊ असते, हे ते हाताळणाऱ्यालाच कळेल. चकरीच्या बाजूची झडप उघडायची, एकेक रिकामी पुंगळी गजाने ढकलून बाहेर काढायची, एकेक नवे काडतूस आत सारायचे आणि दर वेळी चकरी एक घर पुढे फिरवायची. त्यातही घोडा काडतुसाच्या टोपीवर टेकलेला राहू नये म्हणून जाणकार मंडळी सहापैकी एक घर रिकामेच ठेवत, म्हणजे हाताशी गोळ्या पाचच.

दुसरे रिव्हॉल्व्हर त्यांनी १९३५ साली हवाईत असताना घेतले. ते स्मिथ अँड वेसन कंपनीचे .३५७ मॅग्नम होते, नळी साडेतीन इंची, मूठ पुन्हा हस्तिदंती. प्रत्यक्ष प्रसंग आला तर वापरायचे ते हे, असा त्यांचा हिशेब होता असे म्हणतात. कोल्ट हे सैनिकांनी लांबूनही ओळखावे यासाठी होते, असे मी समजतो. दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या बहुतेक छायाचित्रांत कमरेला एकच शस्त्र दिसते, कधी हे तर कधी ते. या शस्त्रांवर त्यांचा जीव किती होता याचा एक किस्सा लेखात यायला हवा होता. ८ नोव्हेंबर १९४२ रोजी मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी ऑगस्टा या युद्धनौकेवर त्यांचे सामान छोट्या नावेत चढवलेले होते. त्यांनी ऐन वेळी सेवकाला पाठवून त्या नावेतून आपली शस्त्रे परत मागवली. थोड्याच वेळात ऑगस्टाच्या तोफा सुरू झाल्या आणि त्यांच्या हादऱ्याने ती नाव सामानासकट निकामी झाली. जनरलसाहेबांचे बाकीचे सामान गेले, हस्तिदंत तेवढे राहिले.

मोत्याच्या मुठीचा समज कसा पसरला असावा याचा तर्क करता येतो. त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल. चकाकत्या मुलाम्याशेजारी पांढरी मूठ दिसली की ती पाहणाऱ्याला शिंपल्याची वाटणार. पॅटन स्वतः मात्र या समजाने चिडत. शिंपल्याच्या मुठीचे पिस्तूल न्यू ऑर्लिन्सच्या वेश्यावस्तीतले दलाल बाळगतात, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्यांचे मूळ शब्द आपल्याला छापता येणार नाहीत. या चिडण्यात अहंकार होताच, तरी कारागिराच्या नजरेने पाहिले तर त्यांचे म्हणणे बरोबरही होते. शिंपल्याचा थर ठिसूळ असतो, स्क्रूच्या भोकाभोवती त्याचे टवके उडतात आणि घाम लागला की तो निसरडा होतो. हस्तिदंत घट्ट दाण्याचे असल्यामुळे घामात ते हातातून सटकत नाही आणि वर्षानुवर्षे वापरले की तळहाताशी जुळते. शिवाय या कोल्टची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते. गोळी सुटताच ती तळहातात किंचित फिरते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. अशा मुठीला पृष्ठभाग गुळगुळीतच हवा. अक्रोडाच्या लाकडावर कोरलेली बारीक चौकटींची जाळी तिथे असली, तर शे-दीडशे गोळ्यांनंतर तळहात सोलून निघतो. म्हणजे ही निवड जितकी दिखाऊ होती तितकीच जाणत्याचीही होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पाचवा क्रमांक मिळवणाऱ्या आणि १९१३ साली अमेरिकी घोडदळासाठी सरळ पात्याच्या तलवारीचा आराखडा तयार करणाऱ्या माणसाला मूठ कशाशी खातात हे ठाऊक होते.

पॅटन यांच्यामुळे असा ग्रह होतो की सगळे अमेरिकी जनरल अशीच नटवलेली शस्त्रे बाळगत. वस्तुस्थिती उलट आहे. त्या सैन्यात जनरल हुद्द्यावर चढणाऱ्या अधिकाऱ्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून कोल्ट कंपनीचे खिशात मावणारे छोटे पिस्तूल सरकारकडून मिळत असे, .३२ किंवा .३८० बोअरचे, साध्या अक्रोडी मुठीचे. आयझेनहॉवर आणि ब्रॅडली यांच्या पिढीचे खरे सेवाशस्त्र हेच. हा साठा संपल्यावर १९७० च्या दशकात रॉक आयलंड येथील सरकारी शस्त्रशाळेने .४५ बोअरच्या नेहमीच्या पिस्तुलाची आखूड आवृत्ती खास जनरल मंडळींसाठी काढली, आणि तिच्या मुठीच्या डाव्या फळीत पितळेची एक छोटी पट्टी बसवली, जिच्यावर त्या अधिकाऱ्याचे नाव कोरले जाई. निवृत्त होताना ते पिस्तूल विकत घेण्याची सवलतही त्यांना असे. मला ही पितळी पट्टी फार आवडते. नाव कोरायला पोलादावर पुष्कळ जागा होती, तरी त्या शस्त्रशाळेला ते मुठीवरच घालावेसे वाटले.

आणि ज्याच्याकडून सर्वाधिक थाटाची अपेक्षा करावी, त्या हर्मन गोरिंगचे काय? पदके, रत्ने आणि रंगीत गणवेश यांचा सोस असलेला हा जर्मन राइशमार्शल, म्हणजे हिटलरच्या सैन्यातला सर्वोच्च हुद्देदार, मे १९४५ मध्ये अमेरिकनांच्या हाती सापडला, तेव्हा त्याच्याजवळचे रिव्हॉल्व्हर अमेरिकी बनावटीचे, पोलिसांच्या वापरातले साधे .३८ स्मिथ अँड वेसन निघाले. ते वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या संग्रहालयात आहे. नुसत्या शस्त्रावरून त्याचा मालक ओळखायला सांगितला असता तर कुणी गोरिंगचे नाव घेतले नसते.

आपल्याकडच्या सेनापतींची ओळख कधी पिस्तुलावरून झाली नाही, हे मला आपल्या सैन्याच्या प्रकृतीला धरून वाटते. करिअप्पा, थिमय्या, आपले शंकरराव थोरात, माणेकशा यांची छायाचित्रे आठवून पाहावीत. हातातली छडी आठवते, टोपीची ठेवण आठवते, मिशा आठवतात, कमरेचे शस्त्र आठवत नाही. भारतीय सेनापती आणि रिव्हॉल्व्हर असे एकत्र आलेले जे एकमेव दृश्य सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यातले रिव्हॉल्व्हर शत्रूचे होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर शरणागतीच्या कागदावर सही केल्यानंतर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी खांद्यावरची चिन्हे उतरवली आणि आपले .३८ चे रिव्हॉल्व्हर लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या स्वाधीन केले.

या रिव्हॉल्व्हरची पुढची हकीकत आर्मररच्या दृष्टीने अत्यंत बोलकी आहे. पूर्व विभागाचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी नंतर ते शस्त्र नीट पाहिले. त्यांनी लिहून ठेवले आहे की, ते सैन्यातले नेहमीचे रिव्हॉल्व्हर होते, नळी घाणीने भरलेली होती, बऱ्याच दिवसांत ती साफ केलेली नव्हती आणि त्याला बांधलेली लॅनयार्ड (शस्त्र अंगाशी अडकवण्याची दोरी) मळकट व विरलेली होती. हे सेनापतीचे स्वतःचे शस्त्र असणे शक्य नाही, नियाझी यांनी ते आपल्या एखाद्या मिलिटरी पोलीस शिपायाकडून घेतले असावे, असा निष्कर्ष जेकब यांनी काढला. बाहेरच्या माणसाला हा निष्कर्ष घाईचा वाटेल. कोतात काम केलेल्या कुणालाही तो वाटणार नाही. सेनापतीचे शस्त्र जवळजवळ कधीच झाडले जात नाही, मात्र त्याचा सेवक ते नेमाने पुसतो, फुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करण्याच्या दोरीला, चिंदी लावून ती नळीतून ओढतो, पट्टा आणि लॅनयार्ड चकाचक ठेवतो, कारण तपासणीत दोष निघाला तर बोलणी त्यालाच खावी लागतात. त्यामुळे अशा शस्त्राची नळी आरशासारखी लखलखीत असते, आणि झीज झालीच तर ती नळीच्या तोंडाशी आणि मुठीच्या कडांवर होते, रोज पट्ट्यात घातल्याकाढल्यामुळे. शिपायाच्या शस्त्राची अवस्था पुष्कळदा बरोबर उलट असते. ढाक्याच्या त्या रिव्हॉल्व्हरवर कोणाचेही नाव नव्हते, तरी कोणाचे नाही एवढे त्याने सांगून टाकले. शरण जातानाही आपले खरे शस्त्र मागे ठेवणाऱ्या सेनापतीविषयी वाचकांनी आपापले मत बनवावे. माझे फारसे चांगले नाही.

सेनापतीला पिस्तूल लागतेच कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. रिव्हॉल्व्हरचा नेम पंचवीस-तीस पावलांपलीकडे भरवशाचा नसतो, आणि सेनापतीला तेवढ्या अंतरावरून स्वतः गोळी झाडावी लागली तर लढाई हाताबाहेर गेलीच म्हणायची. अधिकाराची खूण आणि अखेरचा उपाय, एवढेच त्याचे काम. अखेरच्या उपायाची उदाहरणे आहेत. टॅनेनबर्गच्या पराभवानंतर ऑगस्ट १९१४ मध्ये रशियाच्या सॅमसोनोव्ह यांनी आणि एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीच्या फील्ड मार्शल मोडेल यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. नेपोलियनच्या मनातही एप्रिल १८१४ मध्ये तेच आले होते. त्याचा अश्वाधिपती, म्हणजे शाही पागेचा प्रमुख, कोलँकूर याने आधीच पिस्तुलांतली दारू काढून ठेवली होती, असे सांगतात. सोन्याचांदीच्या नक्षीची, त्यावर खुद्द नेपोलियनची मुद्रा असलेली ती जोडी जुलै २०२४ मध्ये फ्रान्समध्ये लिलावात सुमारे १७ लाख युरोंना विकली गेली आणि फ्रेंच सरकारने तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

असे पैसे लोक नक्षीसाठी मोजत नाहीत, कागदपत्रांसाठी मोजतात. त्या जोडीला एवढी किंमत आली कारण नेपोलियनने ती कोलँकूरला दिली आणि ती त्याच्या वंशात राहिली, ही साखळी तुटलेली नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन यांना फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी भेट दिलेली खोगिराची पिस्तुले पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे गेली, त्यांनी ती मृत्युपत्राने लाफायेत यांच्या घराण्याकडे परत पाठवली, आणि २००२ साली ती जवळजवळ २० लाख डॉलरना विकली गेली. अमेरिकी यादवी युद्धातले सेनापती जनरल ग्रँट यांना भेट मिळालेली, हस्तिदंती मुठींवर कोरीवकाम असलेली रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरची जोडी २०२२ साली ५० लाख डॉलरच्या वर गेली. हस्तिदंती मुठीची त्या काळची रेमिंग्टन दुसरीही मिळतात, पण त्यांना अशी किंमत येत नाही.

आता आपल्याकडे येतो. मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे १७ सप्टेंबरच्या निमित्ताने मराठवाड्यात ठिकठिकाणी जुन्या शस्त्रांची प्रदर्शने भरतात, आणि शाळांची मुले रांगेने ती पाहतात. उपक्रम स्तुत्य आहे. अशाच एका प्रदर्शनात, ज्याचे नाव मी घेणार नाही, मला एक पिस्तूल पाहायला मिळाले. त्याखाली पाटी होती की, जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत जनरल वेलस्ली यांनी वापरलेले हे पिस्तूल असून त्याची मूठ हस्तिदंती आहे. असईची लढाई इंग्रज आणि मराठे यांच्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. इंग्रजांचे सेनापती वेलस्ली त्या दिवशी जातीने गर्दीत होते, त्यांचा एक घोडा गोळीने पडला आणि दुसऱ्याला भाला लागला, हे सारे खरे आहे. परंतु समोरचे पिस्तूल टोपीचे, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीवर चालणारे, होते. १८०३ साली लष्करी पिस्तुले गारगोटीच्या ठिणगीवर चालत. ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले, तांब्याच्या टोप्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वापरात आल्या, आणि ब्रिटिश लष्कराने त्या सर्रास स्वीकारायला १८४० च्या आसपासचा काळ उजाडला. जुने गारगोटीचे पिस्तूल मागाहून टोपीचे करून घेत, हे मला माहीत आहे. पण तसे केले की कळीच्या पट्टीवर (घोडा आणि चाप यांची यंत्रणा बसवलेल्या बाजूच्या पत्र्यावर) बुजवलेल्या भोकांच्या खुणा राहतात, आणि इथे तशी एकही नव्हती. मुठीविषयी बोलायचे तर त्या काळच्या लष्करी पिस्तुलाचा दस्ता नळीखालपासून बुडापर्यंत अखंड लाकडाचा असे. दोन अंगांना स्क्रूने लावलेल्या पांढऱ्या फळ्या हा नंतरचा प्रकार आहे, आणि त्या फळ्याही हस्तिदंताच्या नव्हत्या, हाडाच्या होत्या. आयोजकांना मी हे नम्रपणे सांगितले. ‘लोकांना वाचायला बरे वाटते’, असे उत्तर मिळाले.

दुसरा प्रकार पोलीस कारवाईशी जोडलेला आहे. सोलापूरहून नळदुर्गच्या बाजूने आत आलेल्या भारतीय फौजेपुढे निजामाच्या सैन्याचा टिकाव लागला नाही आणि त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे १८ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागती पत्करली. एल एद्रूस यांचे म्हणून दाखवले जाणारे किंवा एके काळी आमच्या घरी होते असे सांगितले जाणारे रिव्हॉल्व्हर मी आमच्या भागात एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे. एका सेनापतीला इतक्या कमरा नव्हत्या. वेब्ली मार्क सहा हे १९१५ साली ब्रिटिशांनी स्वीकारलेले रिव्हॉल्व्हर भारतात अधिकाऱ्यांकडे, पोलिसांकडे, संस्थानांकडे सर्वत्र पोहोचले होते. ते सापडले म्हणून ते सेनापतीचे होत नाही, आणि त्याच्या अक्रोडी फळ्या काढून पांढऱ्या लावल्या म्हणून तर मुळीच होत नाही.

हस्तिदंत ओळखणे अवघड नाही. मुठीचे बूड भिंगातून पाहावे. तिथे आडवा छेद असतो, आणि खऱ्या हस्तिदंतात त्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. सेल्युलॉइडच्या नकलेत रेषा असल्याच तर समांतर आणि संशय यावा इतक्या सारख्या असतात. पिवळेपणावरून मात्र वय ठरवू नये. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पूजतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, तेलाचा हात फिरवतात. हळद हस्तिदंतात उतरते आणि दहा-वीस नवरात्रांत नवी मूठ दोनशे वर्षांची दिसू लागते. पूजा अवश्य करावी, हळद पात्याला आणि नळीला लावावी, मूठ तेवढी सोडावी. (कट्यारी आणि तलवारी यांच्या हस्तिदंती मुठींनाही हे लागू आहे.)

कायद्याची बाजूही पाटी लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आजोबांकडून आलेल्या हस्तिदंती वस्तूलाही मालकीचे प्रमाणपत्र लागते. ‘अस्सल हस्तिदंती मूठ’ अशी पाटी अभिमानाने लावताना आपण सर्वांसमक्ष नेमके काय जाहीर करत आहोत, याचा विचार करावा. चालू अवस्थेतल्या शस्त्राला परवाना लागतो हे वेगळे सांगायला नको. जुनाट आणि निकामी शस्त्रांना कायद्यात सूट आहे, पण निकामी कोणते हे मालकाने परस्पर ठरवू नये.

आयोजकांकडून फार अपेक्षा नाही. ज्याच्या मालकीविषयी कागद नाही त्याखाली ‘अमुक यांचे मानले जाते’ एवढे लिहिले तरी पुरे. त्याने शस्त्राची शोभा कमी होत नाही. शस्त्र उजळवण्यासाठी पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्यात कारखान्याचा शिक्का आणि क्रमांक आधी जातात. रिव्हॉल्व्हर असेल तर मुठीच्या फळ्या जाणकाराकडून एकदा उघडवून घ्याव्यात. कारखान्यात फळ्या चौकटीला बसवल्यावर त्यांच्या आतल्या बाजूस शस्त्राचा क्रमांक ठोकण्याची किंवा पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. तो चौकटीवरच्या क्रमांकाशी जुळला तर मूठ मूळची. जुळला नाही तर ती मागाहून चढवलेली, मग वर कितीही सुंदर आद्याक्षरे कोरलेली असोत. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरावा आणि फळी चौकटीवरून कधीही उचकटू नये. जुने हस्तिदंत आणि हाड दोन्ही कोरडे झालेले असते आणि भोकापाशी तडकते. फळी आतून हलक्या बोटाने सुटत नसेल तर ती तशीच राहू द्यावी, आणि पाटीवर मूठ तपासलेली नाही असे लिहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मरर,
अंबाजोगाई, जि. बीड